खांद्यावरची चार बोटं

मार्तंडला काय काय मिळणार होतं याचा हिशेब सुनंदानं त्याच्या आधीच करून ठेवला होता. गाडी मिळणार नव्हती. गाडी अध्यक्षाला असते, साध्या संचालकाला नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. बैठकीचा भत्ता मिळाला असता, तो बेंगळुरातल्या रिक्षावाल्यांना पुरला असता. जाण्यायेण्याचं भाडं. सरकारी विश्रामगृहातली एक खोली, जिच्या गिझरबद्दल तो परत आल्यावर आठवडाभर बोलत राहिला असता. रबरबँड लावलेली जाड फाइल. नव्या वर्षाच्या डायऱ्या, वाटायला. दारावरच्या 'वकील' या शब्दाखाली आणखी एक ओळ. तिच्या भावाच्या 'सध्या काय चाललंय मार्तंडराव?' या दर दिवाळीच्या प्रश्नाला एकदाचं उत्तर. आणि सगळ्यांत पक्की मिळकत म्हणजे मुदत संपल्यावर लागणारा 'माजी' हा शब्द. तो एकदा नावाला चिकटला की कुठलंही सरकार येवो, काढून घेता येत नाही. मरणाच्या बातमीतसुद्धा छापून येतो. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस याच्यासाठी हपापतो हे तिला कळत होतं. राग यायचा तो कळत असल्याचाच.

पण हा हिशेब घरातला होता, मनातला. तो असा चौकात टांगलेला दिसेल याची तयारी नव्हती. त्या सकाळी दुसऱ्या रेल्वे गेटापाशी फाटक पडलं, मालगाडी जाईपर्यंत बेळगावातली सगळी टिळकवाडी स्कूटरवर एक पाय टेकून उभी राहिली, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या सुनंदानं सहज मान वर केली तर समोर मार्तंड. खांबापासून खांबापर्यंत. वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली बारीक मराठी, म्हणजे कोणी येऊन उतरवणार नाही. राज्य शालेय साहित्य निगमाच्या संचालकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. एका कोपऱ्यात हात जोडलेले बोरगावचे पुढारी आप्पा, मार्तंडच्या दुप्पट आकाराचे. शुभेच्छुकांच्या रांगेत अंगठ्याएवढे चेहरे, त्यात भरमूचा पहिला. मार्तंड कोटात होता. लेकीच्या, श्रियाच्या लग्नातला कोट, श्रियाच्या लग्नातलाच फोटो. फोटोग्राफर म्हणाला होता, काकू, काकांच्या खांद्यावर हात ठेवा की, जरा मोकळं उभं राहा. आणि तिनं अवघडून ठेवला होता. आता ती फोटोत नव्हती. तिला कापून काढलं होतं, बऱ्यापैकी सफाईनं, पण बोटं काढायला गेलं असतं तर कोटाचा खांदा गेला असता म्हणून बोटं तशीच ठेवलेली. चार. केळ्याएवढी एकेक. तर्जनीचं पेर खडूनं सुजलेलं, अनामिकेत सोन्याचं वेढणं, आणि मनगटाच्या जागी जिथे ती संपत होती तिथे अर्धी हिरवी बांगडी. त्याच्यापुढे निळं आकाश आणि उडणारी कबुतरं.

मालगाडी संपेना. डब्यामागून डबा धडधडत होता आणि पायाखालची जमीन पोटरीपर्यंत हलत होती. सुनंदानं पिशवीच्या बंदाभोवती बोटं आवळून बघितली, आहेत का. होती. पण हलकी लागत होती, दुसऱ्याची उचलून आणल्यासारखी. शेजारच्या स्कूटरवरची बाई म्हणाली, "अभिनंदन हं बाई, सरांचं बघितलं." सुनंदा 'अजून आदेश आलेला नाही' असं म्हणणार होती, म्हणाली "थँक्यू." आदेश खरंच आलेला नव्हता. यादी बेंगळुरात कुठल्याशा टेबलावर होती असं म्हणत होते. रोज संध्याकाळी ती त्या टेबलावरून पुढच्या टेबलावर जायची आणि सकाळी परत यायची. पण इथली पद्धत अशी, आधी अभिनंदन आणि मग आदेश. भरमूनं तिला परवाच समजावलं होतं, ओट्यावर बसून बशीतून चहा ओढत: "काकू, फ्लेक्स लावायचा, फटू काढायचा आणि वर पाठवायचा असतोय. जनतेनं आधीच धरलंय म्हटल्यावर वरच्यास्नी नाव काढता येत न्हाय. लाजंकाजं तरी ठेवत्यात." भरमू हा आप्पांचा बेळगावातला माणूस, आप्पांना इथे काय हवं-नको ते बघणं हेच त्याचं पोट. तिनं विचारलं होतं, आणि ठेवलं नाही तर? भरमू हसला होता. "आप्पांचा शबुद हाय काकू." आप्पांचा शब्द गेली तीस वर्षं होता. मार्तंडनं तो जपून ठेवला होता, तिच्या आईच्या पैठणीसारखा; नेसायचा प्रसंग कधी आला नाही, पण घरात आहे याचा आधार.

फाटक उघडलं. घरी येईपर्यंत तिला एक गोष्ट सुचत राहिली आणि ती तिला नको होती. फ्लेक्स लागलाय म्हणजे काहीतरी देऊन झालंय. आप्पा उधारीत फ्लेक्स लावू देत नाहीत. मार्तंडकडे देण्यासारखं काय उरलं होतं? तीस वर्षांत त्यानं आप्पांचे जमिनीचे कागद फुकट केले, पुतण्याचा जामीन, मिलच्या भागीदारांची भांडणं, निवडणुकीतली प्रतिज्ञापत्रं. फी विचारली की आप्पा त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, वकीलसाहेब, तुम्हांला काय पैसं द्यायचं हो, तुम्हांला पद द्यायचं. त्या थापेखाली तो दर वेळी दोन बोटं खचायचा. एकदाच ती बोरगावला त्याच्याबरोबर गेली होती, आप्पांच्या नातवाच्या बारशाला. दिवाणखान्यात असले मोठे सोफे की बसलेला माणूस आत पडायचा. मार्तंड मुळात बुटका. तो मागे टेकून बसला, मोठ्या माणसांमधे बसतात तसा ऐसपैस, आणि त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पॉलिश केलेले बूट, मोजे, आणि खाली वीतभर हवा. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो आप्पांच्या बोलण्यावर माना डोलावत होता आणि पाय लहान मुलासारखे हलत होते. ते तिनं बघितलं आणि त्या दिवसापासून तिला त्याच्यावर नीट रागावता आलेलं नव्हतं. रागावायला गेलं की मधे ती वीतभर हवा यायची.

घरी मार्तंड न्हाणीच्या आरशापुढे आभाराचं भाषण घोकत होता. "एल्लरिगू नमस्कार," असं कन्नडमधे म्हणून तो थांबला, चष्मा सारखा केला, पुन्हा म्हणाला. त्याचे वडील दर एक नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून, दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालायचे, हा लहानपणी त्यांचं बोट धरून. तेव्हाचा एक फोटो भिंतीवर होता, तो परवा जाळ्या काढताना उतरवला आणि मग खिळा सापडेना. सुनंदानं पिशवी ओट्यावर ठेवली. "गेटावर तुम्ही लागलाय."

"लागला?" तो तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "कसा आलाय?"

"तुम्ही बरे आलाय. माझी चार बोटं आलीत."

"कसली बोटं?"

"खांद्यावर. मला कापून टाकलं आणि बोटं राहिली."

तो हसला, मोकळेपणानं. "अगं, मग बरंच की. तूही आलीस म्हणायचं." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून टॉवेल शोधायला लागला, जो त्याच्या खांद्यावरच होता. ती म्हणाली, "अहो, काय देऊन बसलाय?" "काही नाही गं. आप्पा काय मागतात का आपल्याकडे." "मग?" "काही नाही म्हटलं ना." आणि टॉवेलात तोंड घालून, तिथूनच: "संध्याकाळी माधवी येणार आहे. युवराजची बायको. तुला भेटायला. पहिल्यांदा येतेय घरी, खणबिण आहे ना?"

आप्पांची सून. सुनंदानं मेथी निवडायला घेतली आणि दोन जुड्या होईपर्यंत तिला सगळं लक्षात आलं, एकेक पान खुडावं तसं. पिरनवाडीची शाळा. देण्यासारखं उरलं होतं ते मार्तंडचं नव्हतं, तिचं होतं. जांबोटी फाट्याच्या जरा अलीकडे, खानापूर रस्त्याला तोंड करून, कौलारू तीन खोल्या आणि एक पत्र्याची. ती निवृत्त झाल्यापासून तिथल्या समितीवर होती आणि शनिवारी तिसरीला वाचायला शिकवायला जायची. शाळेमागची जमीन आप्पांनी दोन वर्षांपूर्वी घेतली. चांगली मोठी जमीन, पण रस्त्याला तोंड नाही, तोंड शाळेचं. शाळेनं रस्त्यापलीकडे माळावर जावं, तिथे आप्पा नवी इमारत बांधून देतील, असा ठराव समितीपुढे दोनदा आला होता. दोघे हवं म्हणाले, दोघे नको, आणि पाचवी सुनंदा. ती म्हणाली होती, पोरांनी रोज चार वेळा तो रस्ता ओलांडायचा? वाळूच्या गाड्या बघितल्यात का? ठराव पडला. म्हणजे आता त्या खुर्चीवर सुनंदा नको, माधवी हवी. निगमाची एक खुर्ची मार्तंडला, शाळेची एक आप्पांना. खुर्चीस खुर्ची. इतका सरळ व्यवहार होता की तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं; तीस वर्षांत पहिल्यांदा आप्पा वकीलसाहेबांशी बरोबरीच्या नात्यानं वागले होते. फक्त वकीलसाहेबांनी खिशात हात घातला तो बायकोच्या.

चिडायला हवं होतं. ती चिडलीच होती, पण चीड कुठे ठेवायची ते सापडेना. जेवताना तो खाली बघून भात कालवत होता आणि तिला त्याच्या डोक्याचा विरळ भोवरा दिसत होता. त्यानं सांगावं म्हणून ती थांबली. तो सांगेना. पानातली कोशिंबीर संपवून तो म्हणाला, "हे निगम नक्की करतं काय, काही माहिती काढायला पाहिजे. पहिल्या बैठकीत गप्प बसून चालायचं नाही." आणि तिथे ती घसरली. कारण निगम काय करतं हे तिला निगमापेक्षा जास्त माहीत होतं. निगम बाकं करतं. लोखंडी सांगाडा, वर फळी, मागे पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर सरकारी शिक्का. एकतीस वर्षं तिनं त्या बाकांमधून फिरून काढली होती. त्यांच्या खिळ्यांनी तिच्या साड्या फाडल्या होत्या. ओल्या जूनमधे वर्गात शिरलं की त्यांच्या रोगणाचा वास घशात बसायचा, अजून मार्तंडनं छत्री दारात उघडी ठेवली की तो तिला कुठून तरी यायचा. त्या सगळ्या बाकांचं माप एकच. दहावीच्या पोराला ठीक, तिसरीच्या पोराचे पाय अधांतरी. पहिल्या तासाला ते पाय नुसते लोंबतात, दुसऱ्याला पुढच्याच्या दप्तराला लाथा बसतात, दुपारी मुंग्या येतात आणि मग एकेकजण करंगळी वर करतो, बाई, जाऊ? लागलेली नसते. पाय टेकायचे असतात. हे कळायला तिला पहिली पाच वर्षं लागली. मग तिनं वर लिहिलं, पुन्हा लिहिलं, उत्तर आलं की योग्य त्या ठिकाणी कळवण्यात येईल. योग्य ते ठिकाण म्हणजे निगमाचं ते मंडळ, ज्याच्यावर आतापर्यंत एका माजी आमदाराचे व्याही होते, एक ऊसतोडणी ठेकेदार, आणि एकजण ज्याला तिकीट नाकारलं म्हणून तो पक्षाच्या कचेरीत रडला होता. त्यातल्या कोणाचेच पाय अधांतरी नव्हते. किंवा कोण जाणे, सगळ्यांचेच असतील.

"लहान माप काढा म्हणावं," ती म्हणाली. "पहिली ते चौथी वेगळं माप. साचा एक बदलायचा, बास. विचारा पहिल्याच बैठकीत."

मार्तंडनं मान वर केली. "वीतभर खाली?"

"वीतभरच." तिला तो दिवाणखाना आठवला आणि पाणी प्यावं लागलं.

"हे चांगलंय," तो म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा उजळला, वीस वर्षांपूर्वी एखादा मुद्दा सापडल्यावर उजळायचा तसा. "अगं, हे फार चांगलंय. सगळ्या राज्यात बदलेल, सुनंदा." तो उष्ट्या हातानंच बोलायला लागला, ठरावाची भाषा कशी, कोणत्या खात्याचा अभिप्राय लागेल. तो चांगला वकील होता, हे ती विसरली होती. त्याला कोणी बैठकीत बसवलं नव्हतं एवढंच. आणि मग दुपारभर, तो घोरत असताना, सुनंदानं मांडणी केली. एका बाजूला पिरनवाडीची एक शाळा, पत्र्याच्या खोलीसकट. दुसऱ्या बाजूला बिदरपासून कारवारपर्यंत तिसरीत बसलेलं प्रत्येक पोर. गणिताच्या बाईला यात अवघड काय? शिवाय रस्त्यावर गतिरोधक घालता येतील, तशी अट घालता येईल, माधवी बाईमाणूस आहे, ऐकेल. एकेक आकडा तिनं आपल्याला पाहिजे त्या रकान्यात बसवला. तिला माहीत होतं ती काय करतेय. आयुष्यभर पोरांच्या पाट्या तपासलेल्या बाईला उत्तरावरून उलटं गणित केलेलं ओळखता येतं. तरी गणित सुटत होतं, आणि सुटणाऱ्या गणिताला एक गारवा असतो, उन्हातून आल्यावर फरशीवर पाय ठेवावा तसा.

माधवी आली ती भरमूला गाडीत बसवून एकटी वर आली. तिशीची, मोठ्या काठाची साडी, डोक्यावरचा पदर सारखा मागे सरकायचा आणि ती सारखा पुढे ओढायची. चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली. "तुमच्याबद्दल लई ऐकलंय आक्का. पिरनवाडीची पोरं तुमचं नाव काढत्यात." सुनंदानं पाट मांडला. पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण, ओटी भरल्याशिवाय कशी जाईल. हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला आणि तांदळाची ओंजळ घेतली. माधवीनं दोन्ही हातांनी पदर पुढे धरला होता. एक ओंजळ, दुसरी. तिसरीला माधवी हलक्या आवाजात म्हणाली, "आक्का, खण-नारळ तर समदीच देत्यात. शाळंच्या कमिटीतली तुमची जागा ह्या ओटीत घालशीला?"

सुनंदाचे हात तिथेच थांबले. हे तिनं धरलं नव्हतं. ती वाद घालणार होती, अट घालणार होती, गतिरोधकांचं बोलणार होती, त्यासाठी सगळी वाक्यं तयार होती. आणि समोर पदर पसरलेला, खण-नारळासकट. पसरलेल्या पदरापुढे अट कशी घालायची? असल्या वेळी नाही म्हणायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या आईला नाही, आजीला नाही. कोणी सुचवली असेल ही वेळ? आप्पांनीच. आप्पा बायकांच्या रीतीभातींचा अभ्यास करून असतात. बोटांच्या फटींतून चार दाणे पाटावर पडले. "शाळा हलवणार ना तुम्ही?" ती म्हणाली.

"त्ये मामंजी आनी हे बगत्यात. मला काय त्यातलं कळतंय आक्का, मला नुसतं बसायचंय." मग पदर तसाच धरून, आणखी खाली, दाराकडे बघत: "मला तरी कुठं इचारून पाठवलंय."

त्या दाराच्या पडद्याखाली मार्तंडचे पाय दिसत होते. तो पलीकडे उभा होता, बहुधा पेपर घेऊन. अनवाणी पाय, अंगठे आत वळवलेले, टाचा किंचित उचललेल्या. ऐकायला उंच व्हायची काय गरज होती? पण तो उंच झाला होता. सुनंदा त्या टाचांकडे बघत राहिली. तिला त्या पडद्यावर भांडं फेकून मारावंसं वाटलं, आणि त्या टाचा हातात धरून जमिनीला टेकवाव्याशा वाटल्या, दोन्ही एकदम. मग तिनं ओंजळ सोडली. "बरं," ती म्हणाली. तांदूळ पदरात पडल्याचा आवाज झाला. टाचा टेकल्या.

पुढचे दिवस घर पाहुण्यांचं होतं. फेटा बांधून झाला, शाली आल्या, त्यातल्या निम्म्या याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर बसून आलेल्या, घडीची सुरकुती सांगत होती. मार्तंड रोज जरा लवकर उठायचा. त्यानं बाकांचा मुद्दा तीनदा लिहून काढला आणि तिला वाचून दाखवला, आणि दर वेळी तो आधीपेक्षा चांगला होता. शनिवारी ती पिरनवाडीला गेली. बसमधे कंडक्टरनं बायकांचं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. राज्य सरकारकडून तिला थेट मिळालेला लाभ हा एवढाच, तिनं तो पर्समधे ठेवला. समितीत तिनं तब्येतीचं कारण सांगितलं आणि आपल्या जागी माधवीचं नाव सुचवलं. नको म्हणणाऱ्या दोघांतले एक, जुने हेडमास्तर, तिच्याकडे वळले. "बाई, तब्येतीला काय झालं?" ते म्हणाले. ती म्हणाली, "हात दुखतो." पुढच्याच बैठकीत ठराव झाला. गतिरोधकांचा त्यात उल्लेख नव्हता.

यादी एका भर दुपारी आली, फोनवर. मार्तंड ती वरून खाली वाचत गेला, मग खालून वर. शालेय साहित्य निगमापुढे युवराजचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, म्हणजे दुसरा कोणी युवराज असण्याची सोय नव्हती. त्याच फोनवर आप्पांचा फोन आला. आवाज इतका मोठा की सुनंदाला स्वयंपाकघरातून शब्द न् शब्द ऐकू आला. "वकीलसाहेब, मी तुमचंच नाव दिलतं हो, आईच्यान. वरच्यांनी शेवटच्या घडीला पोराचं घातलं. आता पोराला न्हाय कसं म्हणायचं? आनी युवराज काय न् तुमी काय, घरातलंच हाय की. फुडच्या यादीत तुमचं पैलं."

"होय होय, आप्पा," मार्तंड म्हणत होता, "काही हरकत नाही. उलट आनंदच आहे. उलट मीच युवराजला फोन करणार होतो." तो शब्द तिला सहन झाला नाही. आप्पांचं खोटं तिनं केव्हाच धरून ठेवलं होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण 'उलट'! तिनं नळ मोठा सोडला. भांडी होती त्यापेक्षा जास्त घासली. नळ बंद केला तेव्हा तो दारात उभा होता, हातात ते लिहिलेलं, घडी घातलेलं. "मी म्हणतो," तो म्हणाला, "हा बाकांचा मुद्दा युवराजकडे पाठवू या का? मुद्दा महत्त्वाचा. कोणी मांडला याला काय."

"पाठवा," ती म्हणाली.

"तो मांडेल, नाही?"

"मांडेल की." ती त्याच्या पायांकडे बघायची टाळत होती.

मग चार दिवस ती दुसऱ्या गेटाकडे गेलीच नाही. भाजी दारावर घेतली, महाग आणि शिळी. तो फ्लेक्स आता काढतील, कोणत्या तोंडानं उतरवतील, खांद्यावरची आपली बोटं कुठे गुंडाळून फेकतील, हे तिला बघायचं नव्हतं. पाचव्या दिवशी औषधाला जावंच लागलं. फाटक उघडं होतं. फ्लेक्स जागेवर होता. पण नवा होता, रंग ताजे. तोच कोट, तीच कबुतरं, आप्पा कोपऱ्यात हात जोडून. कोटाच्या कॉलरीतून युवराज हसत होता. मानेपाशी रंग जुळला नव्हता. गोऱ्या पोराच्या मुंडक्याखाली म्हाताऱ्याचा सावळा गळा, गळ्याला मार्तंडची ती दाढी करताना नेहमी राहून जाणारी सुरकुती. आणि खांद्यावर चार बोटं. सुजलेलं पेर, वेढणं, अर्धी हिरवी बांगडी. आप्पांच्या पोराच्या पाठीशी ती भक्कम उभी होती.

खाली भरमू दोरी आवळत होता. तिला बघून ओशाळला, पण थोडाच. "काकू, येळच न्हवता वो. डिझाइन तेच घेतलं, तोंड आनी नाव बदललं."

"हा हात?"

भरमूनं वर बघितलं, नीट, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. "ऱ्हाऊ दे की काकू. बरं दिसतंय. घरचं कुणीतरी पाठीशी हाय असं वाटतंय."

"आणि हे छापायचे पैसे?"

"त्ये कशाला काढताय," तो दोरीला गाठ मारत म्हणाला. "वकीलसाहेबांनी पैल्या फ्लेक्सला जरा जास्तीचं दिलतं. त्यातच भागलं."

घरी जाताना ती रेंगाळली. मार्तंड विचारणार होता, फ्लेक्स काढला का गं त्यांनी? तिला उत्तर ठरवायचं होतं. सांगावं, 'नाही, अजून आहे.' ते खोटं नव्हतं, कोट त्याचाच होता. तो खूश होईल, दोन-तीन दिवस तो मुद्दा पुन्हा वाचेल. आणि चालता चालता सवयीनं तिनं बेरीज घेतली. आप्पांचं काही गेलं नाही. त्यांना रस्ता मिळाला, पोराला पद, आणि शब्द पुन्हा जसाच्या तसा शिल्लक, पुढच्या यादीसाठी. भरमूचं गेलं नाही. माधवीला नको असलेली खुर्ची मिळाली, तीत ती पदर ओढत बसेल. मार्तंडचा एक कोट गेला आणि आरशातलं एक भाषण, पण ते देणं त्याचं तीस वर्षांचं होतं, त्यानं ते खुशीनं फेडलं. तिचा हात चौकात लागला. पाऊस पडेपर्यंत टिकेल. उरली रक्कम ज्यांच्या नावावर टाकली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पिरनवाडीच्या तिसरीतल्या पोरांचे पाय अजून बाकाखाली लोंबत होते, आणि जूनपासून त्याच पायांनी त्यांना खानापूर रस्ता ओलांडायचा होता, रोज चार वेळा.